ताटातला मसाला बघा, मग बाटली उघडा: तोरेसच्या स्पॅनिश वाईन आणि नाशिकचं जेवण

वाईनच्या टेस्टिंग रूममध्ये रोज कुणीतरी मला एकच प्रश्न विचारतं आणि विचारता विचारता उत्तरही देऊन टाकतं. "मटणाला रेड, माशाला व्हाइट. बरोबर ना ताई?" मी उलट विचारते, "मटण कसलं? सुकं की रस्सा? काळ्या मसाल्याचं की नुसतं मीठ-मिरी लावून भाजलेलं?" मग समोरचा माणूस विचारात पडतो. कारण नाशिकच्या घरात मटण म्हणजे एकच पदार्थ नसतो. माशाचं तसंच, वांग्याचंही तसंच.

त्या प्रश्नाचं उत्तर इथे सविस्तर देते. उदाहरणासाठी मुद्दाम एकच घराणं घेतलं आहे, स्पेनच्या कातालोनियातलं तोरेस. एकाच घरच्या बाटल्यांमध्ये हलकी पांढरी, किंचित गोडसर, गुलाबी, मऊ लाल आणि शेवटी भारदस्त लाल असा चढता क्रम मिळतो. त्यामुळे कुठली चव कुठल्या पदार्थाशी का जुळते, हे कळायला सोपं जातं. दुसरं कारण माझ्या घरातलं आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, कांद्याचं. सासर दिंडोरीकडचं, द्राक्षाचं. बागायतदाराच्या घरातून वर आलेल्या वाईनबद्दल मला आपुलकी वाटते, आणि तोरेस आजही एका कुटुंबाच्याच हातात आहे.

बार्सिलोनाजवळ पेनेदेस नावाचा द्राक्षांचा पट्टा आहे. तिथल्या विलाफ्रांका गावात १८७० मध्ये खाइमे आणि मिगेल या दोन तोरेस भावांनी वाईनरी काढली. खाइमे क्यूबात जाऊन पैसा कमावून परतला होता, मिगेलला वेलींची आणि वाईनची जाण होती. स्पेनच्या यादवी युद्धात १९३९ मध्ये बॉम्ब पडून वाईनरी उद्ध्वस्त झाली, ती पुन्हा उभी केली. आता पाचवी पिढी कारभार बघते. त्यांचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फायलोक्सेरा या किडीने युरोपातल्या बागा खाऊन टाकल्या आणि कातालोनियातल्या कितीतरी जुन्या जाती विस्मरणात गेल्या. १९८० च्या दशकात तोरेसनी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या: तुमच्या बांधावर, ओढ्याकाठी ओळखू न येणारी वेल असेल तर कळवा. त्यातून त्यांनी पन्नासहून अधिक जाती परत मिळवल्या. गार्रो, केरोल, फोरकादा ही त्यांतली काही नावं. आमच्याकडे जुनी माणसं भोकरी आणि फकडी द्राक्षाची आठवण काढतात, तेव्हा मला त्या जाहिरातींची आठवण येते. इथेही कुणीतरी तसं विचारायला हवं.

असो. आता ताटाकडे वळते.

आधी ताटात काय आहे ते बघायचं

मटणाला लाल आणि माशाला पांढरी हा नियम लोणी, मीठ आणि मिरी यांवर चालणाऱ्या स्वयंपाकघरातून आला. तिथे पदार्थाची चव मांसावरून ठरते. आपल्याकडे ती मसाला, तिखट, तेल आणि आंबट यांवरून ठरते. म्हणून आपल्या जेवणाला वाईन लावताना मांस की भाजी हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

पहिलं बघायचं ते तिखट. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जिभेची आग होते आणि अल्कोहोलने ती आग वाढते. ठेच्याबरोबर १४ टक्के अल्कोहोलची लाल वाईन घ्या, डोळ्यांत पाणी येईल आणि वाईनची चव काही कळणार नाही. शिवाय लाल वाईनमध्ये टॅनिन असतं, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांमधून उतरलेला तुरटपणा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते तसंच होतं. हे टॅनिन तिखटाच्या सोबतीला आलं की कडवट लागतं. उलट वाईनमध्ये थोडी साखर असेल आणि अल्कोहोल कमी असेल, तर तिखट सुसह्य होतं आणि मसाल्याचा वासही मोकळा होतो.

दुसरं तेल. तळणीला आंबूस वाईन हवी. भजीवर लिंबू पिळतो त्यामागचं कारण हेच. आंबटपणाने तोंडातला तेलाचा थर निघून जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

तिसरं आंबट. पदार्थात चिंच, कोकम किंवा टोमॅटो असेल तर वाईन निदान तितकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. नाशिक-पिंपळगावच्या टोमॅटोवर वाढलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण आपण टोमॅटो जवळजवळ सगळ्यातच घालतो.

मीठ मदतच करतं, त्याने तुरटपणा मऊ होतो. आणि मांसातली चरबी-प्रथिनं टॅनिन स्वतःकडे ओढून घेतात, म्हणून चरबीच्या मटणाला तुरट लाल वाईन शोभते. पण तिखट आवाक्यात असेल तरच.

विन्या सोल: तळणीची सोबतीण

ही तोरेसची सगळ्यात सरळ, हलकी पांढरी. मुख्य द्राक्ष पारेयादा, सोबत गार्नाचा ब्लांका. पारेयादा पेनेदेसच्या उंच, थंड भागात चांगलं येतं, त्यामुळे तिच्यात आंबटपणा टिकतो आणि अल्कोहोल फार चढत नाही. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, थोडा पांढऱ्या फुलांचा वास. लाकडाच्या पिंपाचा स्पर्श नाही.

कोथिंबीर वडी, बटाट्याची भजी, तळलेली कुरडई आणि पापड, साबुदाणा वडा, रवा लावून तळलेलं पापलेट, कुरकुरीत बोंबील हे सगळं तिच्या आवाक्यातलं. नाशिकचा चिवडा कांदा-कोथिंबीर घालून, लिंबू पिळून वाटीत घ्या आणि सोबत ही वाईन थंडगार. पाहुण्यांसाठी याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही. साबुदाणा वड्याबरोबरची चटणी मात्र शेंगदाण्याची, दह्यातली घ्या. हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी असेल तर पुढची बाटली उघडा.

मिसळीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत ठाम आहे. तर्रीदार मिसळीला कुठलीही वाईन लावू नका. तर्रीत तिखट, तेल आणि गरम मसाला तिन्ही टोकाला गेलेले असतात, रस्सा कढत असतो आणि मिसळ खायची वेळ सकाळची. तिला ताक आहे, चहा आहे. मिसळ तशीच पूर्ण आहे.

विन्या एस्मेराल्दा: काळ्या मसाल्याचं उत्तर

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या जेवणाला सगळ्यात उपयोगी पडणारी बाटली ही आणि तिच्यावरच लोकांचा विश्वास बसत नाही.

मोस्कातेल आणि गेवुर्त्सट्रामिनर या दोन सुगंधी द्राक्षांची ही पांढरी वाईन आहे. ग्लास नाकाशी नेला की गुलाब, लिची, संत्र्याचं फूल. चव किंचित गोड, आणि अल्कोहोल बहुतेक लाल वाईनपेक्षा कमी. दुकानात कुणी "हलकीशी गोड आहे" असं सांगितलं की मटण खाणारे पुरुष लगेच नाक मुरडतात. त्यांना मी एवढंच सांगते की एक घास रश्शाचा घ्या, मग एक घोट घ्या आणि मग बोला.

आमच्याकडे काळा मसाला उन्हाळ्यात होतो, एप्रिलमधल्या द्राक्षाच्या खरडछाटणीच्या सुमाराला. कांदा वाळवून तळायचा, सुकं खोबरं काळपट भाजायचं, मग धने, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल, चक्रीफूल, आणि मिरच्या. सासूबाई वाईन घेत नाहीत, पण मसाल्याच्या वासाची त्यांच्याइतकी पारख मी कुणात बघितली नाही. लवंग पुढे गेली की दालचिनी, हे त्या लांबून सांगतात. वाईन चाखताना मी तेच करते. गेवुर्त्सट्रामिनरच्या वासात मुळातच आल्या-लवंगेची छटा असते. ती दगडफूल आणि दालचिनीशी जाऊन मिळते, आणि वाईनमधली थोडी साखर मिरचीची धार बोथट करते. रस्सा तितकाच तिखट राहतो, पण आता मिरचीच्या मागे दडलेलं भाजलेलं खोबरंही लागतं. म्हणून काळ्या मसाल्याच्या कोंबडीच्या रश्शाला, शेवभाजीला, पाटवडी रश्शाला मी हीच बाटली लावते.

ठेचा-भाकरीलाही हीच. बाजरीच्या भाकरीवर लोणी, त्यावर ठेचा आणि सोबत ही वाईन चांगली थंड. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिथे कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, पांढरी वाईन आंबट पडते आणि ही बरोबर बसते. तिखट कोळंबीला चालते. थालीपीठ आणि ताज्या लोण्यालाही चालते.

एक जागा सोडून. मेथीची भाजी, कारलं अशा कडू पदार्थांबरोबर तिचा सुगंध अत्तरासारखा वेगळा वाटतो. तिथे विन्या सोल बरी.

गुलाबी वाईन आणि भाजलेली वांगी

तोरेसची दे कास्ता ही गुलाबी वाईन गार्नाचा आणि कारिन्येना या लाल द्राक्षांची असते. साली रसात थोडाच वेळ ठेवतात, म्हणून रंग येतो पण तुरटपणा जवळजवळ येत नाही. फळाची चव लालची, ताजेपणा पांढरीचा.

कातालोनियातली माणसं स्वतः काय खातात हे इथे सांगायला हवं, कारण त्यांचं आणि आपलं एका बाबतीत चांगलं जमतं: विस्तवावर भाजलेल्या भाज्या. त्यांचं एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर वांगी, ढोबळी मिरची, कांदे भाजून, साल काढून, ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून खायचं. हिवाळ्यात वाल्स गावाच्या बाजूला काल्सोत नावाचा कोवळा, लांबट कांदा द्राक्षाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर काळा होईपर्यंत भाजतात, वरची जळकी पात ओढून काढतात आणि रोमेस्को सॉसमध्ये बुडवून खातात. रोमेस्को म्हणजे भाजलेले बदाम, हेझलनट, लसूण, टोमॅटो आणि सुकी, तिखट नसलेली मिरची एकत्र वाटलेली. मी निफाडची. पातीचा कांदा, छाटणीच्या काड्या आणि भाजलेल्या दाण्याचं कूट हे तिन्ही माझ्या माहेरी आणि सासरी पोत्यांनी पडलेलं असतं. बदामाऐवजी शेंगदाणे घेऊन, लसूण आणि भाजलेला टोमॅटो घालून आम्ही हा बेत शेतावर करतो आणि सोबत गुलाबी वाईन घेतो. काड्या चांगल्या वाळलेल्या हव्यात, आणि नुकतीच फवारणी झालेल्या बागेतल्या काड्या चुलीत घालायच्या नाहीत, हे मात्र काटेकोरपणे पाळा.

हाच धागा धरला की भरीत, भरली वांगी, डाळवांगं, झुणका हे सगळं गुलाबी वाईनकडे जातं. भरितात मिरची ठेचून घालता ती निम्मी करा आणि कांद्याची पात दुप्पट. अंडा भुर्जीलाही हीच चांगली, कारण अंड्याच्या बलकाबरोबर तुरट लाल वाईन कधी कधी धातूसारखी लागते.

लाल बाटल्या

सांग्रे दे तोरो तोरेसनी १९५४ मध्ये बाजारात आणली. गळ्यात छोटा काळा बैल लटकलेला असतो, त्यावरून लांबूनही ओळखू येते. आमच्या घरातल्या पोरांनी पोळ्याच्या मातीच्या बैलांशेजारी हे बैल मांडून ठेवलेत. द्राक्षं गार्नाचा आणि कारिन्येना: पिकलेली करवंदं, काळी मिरी, तुरटपणा बेताचा. सुक्या मटणाला, खिम्याला, तंदूर किंवा चुलीवर भाजलेल्या कोंबडीला, लसणाची फोडणी दिलेल्या अख्ख्या मसुराला ही बरोबर. शाकाहारी घरात मशरूम, भाजलेला सुरण, आणि पनीर असेल तर तव्यावर लाल केलेलं. तिखटाची मर्यादा मी अशी सांगते: नाक गळायला लागेल इतकं तिखट असेल तर पुन्हा एस्मेराल्दाकडे जा.

कोरोनास ही मुख्यतः टेम्प्रानिल्यो द्राक्षाची, थोडं काबर्ने सोव्हिन्यों घातलेली, ओकच्या पिंपात मुरलेली. पिंपामुळे व्हॅनिला, लवंग, थोडा धुराचा वास येतो. हा वास भाजलेल्या सुक्या खोबऱ्याशी फार छान जुळतो. म्हणून काळ्या मसाल्याचं मटण लाल वाईनबरोबरच खायचं असेल, तर ही बाटली घ्या आणि मसाला नेहमीचा ठेवून फक्त मिरची निम्मी करा. रस्सा दाट ठेवा, मटण चरबीचं घ्या, खांद्याचं किंवा सीन्याचं. पातळ, लालभडक रश्शापुढे पिंपाची चव कडू होते.

आणि मग मास ला प्लाना. पेनेदेसमधल्या २९ हेक्टरच्या एकाच मळ्यातलं काबर्ने सोव्हिन्यों. हिचं पहिलं वर्ष १९७० चं. १९७९ मध्ये पॅरिसला गो-मियो या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेच्या वाईन स्पर्धेत त्या १९७० च्या वाईनने शातो लातूरसारख्या फ्रेंच वाईनला मागे टाकलं, आणि स्पेनच्या या कोपऱ्याकडे जगाचं लक्ष गेलं. महाग बाटली आहे. कुणी परदेशातून आणली, लग्नाच्या वाढदिवसाला भेट मिळाली, की आपल्याकडे लगेच मटणाचा मोठा बेत होतो, आणि तिथेच ती वाया जाते. या वाईनला मसाला लागत नाही. बोकडाच्या चापा घ्या, मीठ, भरडलेली मिरी, ठेचलेला लसूण आणि थोडं तेल लावून तासभर ठेवा, कडकडीत तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजा. सोबत भाजलेला कांदा आणि बटाटा. लिंबू नको, चाट मसाला नको, पुदिन्याची चटणी तर नकोच. बाटली तासभर आधी उघडून काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा, म्हणजे वास मोकळा होतो आणि तुरटपणा थोडा निवतो. गाळ तळाशी राहिला असेल तर शेवटचा घोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

गोडाबद्दल दोनच वाक्यं. पुरणपोळी, श्रीखंड, जिलबी यांच्याबरोबर वरची कुठलीही वाईन घेऊ नका, कारण पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट लागते. गोड पदार्थाआधी ग्लास बाजूला ठेवा आणि जेवण आपल्या पद्धतीने पुरं करा.

गारवा, ग्लास आणि क्रम

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यायची असं सांगतात, तेव्हा खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची धरलेली असते. नाशिकला एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो. त्या खोलीत ठेवलेली लाल वाईन गरम काढ्यासारखी लागते, अल्कोहोल नाकात चढतो. म्हणून लाल बाटलीसुद्धा फ्रिजमध्ये ठेवा: सांग्रे दे तोरो साधारण १४-१५ अंशांवर येईपर्यंत, कोरोनास आणि मास ला प्लाना त्याहून थोडा कमी वेळ. पांढरी आणि गुलाबी दोन-तीन तास, ८ ते १० अंशांपर्यंत. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. ग्लासात बर्फ टाकू नका.

स्टीलच्या पेल्यात वास कोंडला जातो आणि रंग दिसत नाही. वर किंचित निमुळता होणारा काचेचा कुठलाही ग्लास चालेल. तो एकतृतीयांशच भरा, म्हणजे वासाला जागा राहते. आणि धुतल्यावर साबणाचा वास राहिलेला नाही ना, हे बघा. चांगल्या वाईनचं सगळ्यात जास्त नुकसान मी याच गोष्टीने होताना बघते.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास बसतात. सहा जणांच्या रविवारच्या जेवणाला मी असं करते. पाहुणे येतात तेव्हा चिवडा, कोथिंबीर वडी आणि विन्या सोल. ताटं वाढली की शेवभाजी किंवा कोंबडीचा रस्सा, भाकरी आणि एस्मेराल्दा. रस्सा आटोपल्यावर सुकं मटण वेगळ्या ताटलीत, सोबत सांग्रे दे तोरो. तीन बाटल्या, सहा माणसं, आणि सोबत पाण्याचा तांब्या भरलेला. आपल्याकडे सगळं एकाच ताटात वाढायची पद्धत आहे, ती मोडायची गरज नाही. फक्त सुकं मटण थोडं उशिरा आणा. क्रम नेहमी हलक्याकडून भारीकडे ठेवा. लालनंतर पुन्हा पांढरीकडे आलात तर ती पाण्यासारखी लागेल. आणि ज्यांना गाडी चालवत परत जायचं आहे, त्यांचा ग्लास भरू नका. तोरेस नातुरेओ नावाची अल्कोहोल काढून टाकलेली वाईनही करतात, मोस्कातेलची. हाती लागली तर अशा पाहुण्यांसाठी ती ठेवा.

बाटली घेताना

दुकानात आधी बाटली कुठे ठेवली आहे ते बघा. उन्हात, काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली महिनोन् महिने उभी असलेली पांढरी वाईन घेऊ नका. विन्या सोल आणि एस्मेराल्दा ताज्या प्यायच्या वाईन आहेत. लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचं साल असतं, त्यापासून दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी दिसला तर परत ठेवा. लाल बाटलीचं बूच वर सरकलेलं असेल किंवा बाजूने वाईन झिरपलेली असेल, तर ती उन्हाने तापलेली आहे असं समजा. आयात शुल्कामुळे या बाटल्यांची इथली किंमत स्पेनपेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा इतकं तपासून घेण्यात संकोच करू नका.

आणि तोरेसची बाटली मिळाली नाही तर? आपल्या आसपास बघा. इथे ऑक्टोबरमध्ये छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये वाईनची द्राक्षं उतरवतात. तेव्हा रात्री थंड असतात आणि नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर आहे, म्हणून आंबटपणा टिकतो. स्पेनमध्ये हीच काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर चालते. विन्या सोलच्या जागी नाशिकचं कोरडं सोव्हिन्यों ब्लांक घ्या. एस्मेराल्दाच्या जागी किंचित गोडसर शेनिन ब्लांक. सुलाचं शेनिन याच वळणाचं आहे आणि काळ्या मसाल्याला मी ते बेधडक देते. सांग्रे दे तोरोच्या जागी पिंपात न मुरलेलं तरुण शिराझ. टेम्प्रानिल्यो तर दिंडोरीच्या मातीतही लागलं आहे. चारोसा या तिथल्या वाईनरीने त्याची वाईन केली होती आणि या स्पॅनिश द्राक्षाला आपलं ऊन मानवतं, हे तेव्हा दिसलं.

बाटली संपली नाही तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, लाल असली तरी. पांढरी दोन-तीन दिवस, लाल तीन दिवसांपर्यंत पिण्याजोगी राहते. त्यानंतर सांग्रे दे तोरो शिल्लक असेल तर खिम्यात घाला: कांदा आणि आलं-लसूण परतून झालं, खिम्याचं पाणी आटलं की पाऊण वाटी वाईन ओता, मोठ्या आचेवर ती पूर्ण आटू द्या, मगच टोमॅटो आणि मसाला घाला. विन्या सोल उरली असेल तर पापलेट हळद-मीठ लावून त्यात दहा मिनिटं ठेवा, चांगलं निथळून घ्या आणि मग रवा लावा.